किती आटे

बारा बंगल्याच्या ऑफिसात
माझ्या टेबलाच्या काचेखाली एक पिवळा कागद आहे.
कुठला व्हॉल्व्ह किती आट्यांत उघडतो त्याची यादी :
दूधबाजार एकोणीस,
तांबट लेन साडेचौदा,
आणि काझीपुऱ्याचा उलटा फिरतो.
कोणी बसवला, ठाऊक नाही.
बदलायचा तर अर्धी गल्ली खणावी लागेल,
म्हणून सगळे त्याच्याशी उलटंच वागतात.

माणसांची यादी मला कुणी दिली नाही.

पहिल्या महिन्यात मी सगळ्यांना एकच परिपत्रक काढलं :
साडेपाचला पाणी, पावणेसहाला फोन.
तिदमे काकांनी ते वाचलं, घडी घातली,
सायकलच्या सीटखाली खोचलं.
फोन आला नाही. पाणी मात्र साडेपाचलाच आलं.
कळवलं का नाही, विचारलं,
तर म्हणाले, "आलं ना."
पुढचे आठ दिवस तेवढंही नाही.

इम्तियाज कोकणीला विचारावं, गळती कुठंय,
तर आधी त्या गल्लीत कुणाच्या मुलीचं लग्न,
मांडवाचे खांब कुठे रोवले,
पहार कुणाकडून उसनी आणली,
आणि मी घड्याळाकडे बघायला लागले
की गळती त्या पहारेच्या टोकाशी निघते.
मध्येच तोडलं
तर तो पुन्हा साखरपुड्यापासून सुरू करतो.

छाया निमसे, तक्रारींच्या फोनवर.
काहीही सांगा, आधी "नाही जमणार."
मी वर जाऊन तिची लेखी तक्रार करायचं ठरवलं,
आणि जिना चढेपर्यंत काम झालेलं होतं.

गांगुर्डेंना सगळं लेखी लागतं.
एक व्हॉल्व्ह बंद करायचा, तरी सही, तारीख, वेळ.
मला वाटायचं, माणूस अडवतोय.
मग जुन्या फाइलीत सापडलं :
कुणा साहेबाच्या तोंडी हुकमावर
त्यांनी एकदा पाणी तोडलं होतं,
आणि चौकशीत साहेब म्हणाले, मी? कधी?
तीन महिने बिनपगारी.
त्या दिवसापासून मी चिठ्ठी लिहिते.
त्यांनी अजून माझ्याबरोबर चहा घेतलेला नाही.

एका पहाटे तिदमे काकांना बॅटरी धरून उभी होते.
चावी खड्ड्यात सोडून त्यांनी एकोणीस आटे मोजले,
मग पाव आटा मागे घेतला.
"का?"
बराच वेळ पाण्याचाच आवाज.
मग म्हणाले, "पुरता उघडला की चिकटतो."
त्यांच्याकडून मिळालेलं ते सगळ्यात लांब वाक्य.

भद्रकालीला लाइन फुटली, रात्री पावणेदोनला.
गांगुर्डेंना मी सहीचा फोटो पाठवला.
इम्तियाजला आधी विचारलं, लग्न कसं झालं,
आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून
जेवणातल्या जिलबीपर्यंत ऐकलं.
छायाचं "नाही" मध्ये न बोलता पूर्ण होऊ दिलं.
तिदमे काकांना फोन केलाच नाही.
पोचले, तेव्हा ते गुडघाभर पाण्यात होते.

उजाडता उजाडता लाइन धरली.
मी गाडीमागे ओले बूट काढत होते.
पलीकडे चहाच्या टपरीवर इम्तियाज
नव्या पोराला, भूषण पगारला, समजावत होता :
"मॅडमना आधी आकडा सांगायचा. किती इंची, किती वेळ.
लग्नबिग्न नंतर.
गप्प झाल्या तर रागावल्या समजू नको,
आत हिशेब चाललेला असतो.
मध्ये बोललास, की पहिल्यापासून."

छाया म्हणाली, "आणि चूक दाखवायची तर एकटीला गाठून.
चारचौघांत नाही. मी करून बघितलंय."

"चहा बिनसाखर," तिदमे काका.

भूषणने विचारलं, "अवघड आहेत का?"

गांगुर्डे हसले. हो, गांगुर्डे.
"काझीपुऱ्याचा व्हॉल्व्ह बघितलास ना?
तसं. उलटं फिरवायचं.
उघडतात."

मी बूट पुन्हा पायात घातले,
दोनदा खोकले,
आणि मग गाडीमागून बाहेर आले.